चिमाच्या घरट्याचा काठ

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका पुलाखाली चिमा नावाची भिंगरी पक्षीण राहायची. पिल्लू पडेल या धास्तीने ती घरट्याचा काठ रोज चिखलाच्या गोळ्यांनी वाढवत गेली.

थंडी आली. थवा उद्या दक्षिणेला निघणार होता आणि पिल्लू एकदाही उडालं नव्हतं.

"अगं, घरटं बांधलंस की रांजण?" शेजारीण हसली. "त्याने बाहेर यायचं कुठून?"

चिमा ओशाळली. तिने स्वतःच तो काठ फोडला, चोचीत माशी धरून समोर भिरभिरत राहिली आणि भीतीने डोळे मिटून घेतले.

पिल्लू झेपावलं, डगमगलं, सावरलं आणि ओरडलं, "आई, डोळे उघड ना! माशी दे!"

दुसऱ्या दिवशी थव्यातून जाताना चिमा सारखी मागे वळून पिल्लाला शोधत होती. ते केव्हाच पुढे गेलं होतं.