हाडवैद्याने स्वतःचा पाय बांधला

पणजीच्याही पणजीच्या आधी, फार जुन्या काळी, एका डोंगरी राज्यात दरवर्षी मोठी शर्यत होत असे. नऊ टेकड्या, तीन ओढे आणि काटेरी रान ओलांडून धावायचे. गोजरा नावाच्या मुलीने ती सलग पाच वर्षे जिंकली होती.

सहाव्या शर्यतीला चार महिने उरले असताना सराव करताना तिचा पाय दगडांच्या फटीत अडकला आणि नडगीचे हाड मोडले.

गावच्या म्हाताऱ्या हाडवैद्याने, धोंडूबाबाने, बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि तिला आपल्याच घरी ठेवून घेतले.

"पोरी, हाड जुळेपर्यंत पाय जमिनीला लावू नकोस."

गोजराने मान डोलावली. पण विसाव्या दिवशी टेकडीवर इतर मुली धावताना दिसल्या आणि तिला राहवेना. तिने कामट्या सोडल्या. चार पावलांतच ती कोसळली. बाबाने पाय पुन्हा बांधला. महिन्याभराने तिने पुन्हा तेच केले.

बाबा रागावला नाही. तिचा पाय तिसऱ्यांदा बांधून झाल्यावर त्याने आपल्या धडधाकट पायालाही कामट्या लावल्या.

"बाबा, हे काय?" गोजरा चकित झाली.

"तुला एकटीला बसवत नाही ना? मग दोघं बसू. तुझं सुटेल त्या दिवशी माझं सुटेल."

आता रोग्यांना उचलून बाबाच्या ओट्यापर्यंत आणावे लागे. गोठ्यात शेळ्या ओरडत. बाबाची बायको रानातून पाला आणता आणता दोघांनाही बोल लावी, आणि दोघांनाही गरम भाकरी वाढी.

गोजराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "बाबा, सोडा तो पाय. मी नाही उठणार, शपथ!"

"शपथ नको. सोंगट्या मांड," बाबा म्हणाला.

शर्यतीचा दिवस उजाडला. धावणाऱ्या मुली ओट्यासमोरूनच गेल्या. गोजराचे हात कामट्यांच्या गाठीवर गेले. डोळे भरून आले. शेजारी बाबा आपला बांधलेला पाय पसरून बसला होता. गोजराने हात मागे घेतले आणि त्याच्या खांद्यावर डोके ठेवून ती पोटभर रडली.

पुढे दोघांच्या कामट्या एकाच सकाळी सुटल्या. बाबाचाही पाय काडीसारखा झाला होता. एकमेकांना धरून, लटपटत, हसत दोघे अंगणात चालायला शिकले.

पुढच्या वर्षी गोजरा धावली आणि चौथी आली. त्यानंतर मात्र ती अकरा वर्षे धावली आणि त्यांतल्या सात शर्यती तिने जिंकल्या. तिची नडगी पुन्हा कधी दुखली नाही.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: सांगून जो धीर येत नाही, तो कुणी सोबत बसले की येतो.