मडक्यात न निघालेली लाल काडी

"भंते, माझं कुणीच खरं मानलं नाही!" असं म्हणत पदुमा नावाची उपासिका जेतवनात आली ती भांडतच आली. "नगरप्रमुख निवडायच्या आधी महिनाभर मी घसा फोडून सांगत होते, हा माणूस धड नाही. आळीनं त्यालाच बसवलं. आता रडतायत. तुम्ही त्याला एकदा चारचौघांत बोला."

भगवान म्हणाले, "पदुमा, हे काही आत्ताच झालेलं नाही. मागंही असंच झालं होतं." आणि त्यांनी ती मागची गोष्ट सांगितली.

काशी देशात दंडक राजाचं राज्य चालू असताना बोधिसत्त्व मत्तिका नावाच्या लहानशा नगरात काड्या वाटायचं काम करीत होता. तिथं प्रमुख निवडायचा तर प्रत्येक आळीचं एक मडकं मांडत. माणसानं चटईच्या आडोशाला जायचं, लाल किंवा पांढरी काडी उचलायची आणि मडक्यात टाकायची. काड्या वाटायला असा माणूस लागे, ज्याला कुणाचा लोभ नाही, कुणावर राग नाही, कुणाची भीती नाही. तसा तो एकटाच होता.

काडी गुप्त म्हणायची, एवढंच. कोण कुठली टाकणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे. तेली तेल्याला टाकत. कोष्टी आपल्या सोयऱ्याच्या सोयऱ्याला टाकत. कुंभार आळीच्या मडक्यात तर तीन पिढ्यांत दुसरा रंग निघाला नव्हता, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! पण जुना एक नियम होता आणि तो चांगला होता. एखाद्या आळीच्या मडक्यात एक जरी काडी वेगळी निघाली, तर मोजणी थांबवायची. ज्याची असेल त्यानं उभं राहून बोलायचं, सगळ्या नगरानं बसून ऐकायचं आणि मग पुन्हा काड्या टाकायच्या.

त्या साली लाल काडी चुल्लक तेल्याची होती. तो म्हणे, तळ्याच्या बांधाखालची माती काढणं बंद करा. पांढरी पिंगल कुंभाराची. तो म्हणे, दारातली माती सोडून कोसभर कशाला जायचं? कुंभार आळीला दुसरं काय हवं होतं!

पिंगलची भावजय कण्हा बांधाच्या पायथ्याशीच राहत होती. तिनं तिथं पाझर पाहिला होता. ती घरोघरी सांगत सुटली, "पाणी गढूळ येतंय गं. आतली माती घेऊन येतंय."

पिंगल मडकी भाजायच्या आव्याजवळ सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, तुमच्या आमटीपेक्षा तरी घट्ट आहे ना ते पाणी?"

बाया फिदीफिदी हसल्या.

"हसा, भावजी. आलं म्हणजे आधी तुमचंच चाक घेऊन जाईल."

"तेवढं ध्यानात ठेवा," पिंगल हळूच म्हणाला, "आपल्या मडक्यात लाल निघाली, तर ती कुणाची हे विचारायला लागणार नाही. लेक आळीतच द्यायचीय ना?"

कण्हानं पदर सावरला आणि ती घराकडे वळली.

काड्या पडल्या. बोधिसत्त्वानं कुंभार आळीचं मडकं ओतलं. एकशे सात काड्या, सगळ्या पांढऱ्या. त्यानं मडकं उलटं धरलं, बुडावर दोनदा बोटांनी ठोकलं आणि वाट पाहिली. काही पडलं नाही.

चुल्लक त्याच्या कानाशी लागला. "तुमच्याकडे लाल काड्या आहेत. एक सोडा त्यात. बांध फुटणार हे तुम्हालाही कळतंय."

"कळतंय. पण जे कुणी टाकलंच नाही, ते मी काढून कसं दाखवू?"

पिंगल प्रमुख झाला. बोधिसत्त्वानं घर सोडलं आणि एक ढोल घेऊन तो बांधावर जाऊन राहिला. लोक त्याला वेडा म्हणाले. श्रावणात भर दुपारी बांध फुटला. ढोल ऐकून आळी टेकडीकडे धावली. कण्हाची सासू पांगळी होती, ती घरातच राहिली. कण्हा टेकडीवरून किंचाळत होती आणि बोधिसत्त्व पाण्यात उतरला. त्यानं म्हातारीला पाठीवर घेतलेलं सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ती दोघं कुणाला दिसली नाहीत.

गोष्ट संपवून भगवान म्हणाले, "तेव्हाचा चुल्लक म्हणजे आज इथं बसलेला भिक्खू आनंद. पिंगल म्हणजे ज्याची तक्रार घेऊन तू आलीस, तो. काड्या वाटणारा मी होतो. मनात एक आणि हातात दुसरं नको, मग पदरी काहीही येवो. याला सत्य म्हणतात. त्या जन्मी मी ते सांभाळलं."

"आणि कण्हा, भंते? ती बिचारी तर सांगत होती!"

"चटईआड तिनं आधी लाल काडी उचलली होती. मग ती परत ठेवली. पिंगल दिवसाढवळ्या खणत होता, सगळ्यांना दिसत होता; तिचं काडी परत ठेवणं कुणालाच दिसलं नाही. ती एक काडी पडली असती, तर सगळं नगर तिचं ऐकत बसलं असतं." मग भगवंतांनी विचारलं, "या खेपेला तू कुठली काडी टाकलीस, पदुमा?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. कण्हा आज कोण आहे, ते भगवंतांनी सांगितलं नाही. आनंदानंही विचारलं नाही. शेवटी मान खाली घालून तिनंच ते नाव घेतलं. पदुमा.