दिव्याचा लेखी खुलासा

मुख्याधिकारी घुलेसाहेबांपुढे अख्खी नगरपरिषद चळचळा कापे. जुमानत नव्हता तो फक्त त्यांच्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा.

रज्जाक मिस्त्रीने यंत्र लावून इंजिनात साठलेली दोषाची नोंद वाचली. "साहेब, एक इंजेक्टर निकामी झालाय. दोन दिवस गाडी ठेवा."

"मग मी काय पायी फिरू? नोंद पुसून टाक!"

मिस्त्रीने पुसली. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. असे चारदा झाले. शेवटी साहेबांनी थेट दिव्यालाच कारणे दाखवा नोटीस बजावली. "उद्या अकरापर्यंत याचा लेखी खुलासा आला नाही, तर तुझ्या गॅरेजला सील!"

रज्जाकने रातोरात खुलासा लिहिला आणि सकाळी कार्यालयात आवक शिक्का मारून घेऊन साहेबांपुढे ठेवला:

"मी, दिवा, कामात कसूर केलेली नाही. इंजेक्टरची तक्रार चारदा वर कळवली, चारही वेळा साहेबांच्या तोंडी आदेशाने ती पुसली गेली. यापुढे तक्रार करू नये, असा सहीचा लेखी आदेश मिळावा. मी कायमचा विझेन. गाडी घाटात बंद पडल्यास चौकशीत तोच आदेश सादर करीन."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. तीस वर्षांच्या नोकरीत असला आदेश त्यांनी कधी लेखी दिला नव्हता. टोपण पुन्हा लावत ते म्हणाले, "इंजेक्टर बदला, मिस्त्री."