कोनवडीत टाळ्या का वाजत नाहीत

तुम्ही आत्ता कडजाईच्या आरतीला उभे होतात. झांज वाजली, घंटा वाजली, पण टाळी एकानेही वाजवली नाही. तुमच्यापैकी दोघांनी वाजवायला हात उचलले, तेव्हा शेजारच्या बाईंनी ते धरून खाली केले. रागावू नका. कोनवडीत कुणीच टाळ्या वाजवत नाही. शाळेच्या बक्षीससमारंभातही मुलं बक्षीस घेऊन गुपचूप जागेवर जाऊन बसतात.

कारण विचारलंत म्हणून सांगतो. हे असंच घडलं याची खात्री मी देऊ शकत नाही. कागदोपत्री मला काही सापडलं नाही, आणि मी बरीच वर्षं शोधत होतो.

दुसऱ्या महायुद्धात वरच्या माळावर गोऱ्या सैनिकांचा तळ होता, असं सांगतात. तिथल्या पत्र्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सैनिकांचा आणि मडमांचा नाच चाले. नाचाचं नाव जिटरबग. हे नाव मुळात नाचाचं नव्हे. इंग्रजीत 'जिटर्स' म्हणजे अंगाचा थरकाप, 'बग' म्हणजे किडा. दारूपायी ज्यांचे हात लटपटतात, त्यांना हिणवायला हा शब्द निघाला म्हणतात. पुढे हातपाय झाडत नाचणाऱ्यांना तो चिकटला आणि मग नाचालाच. आज शब्दकोशात तो मौजेचा शब्द आहे. एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवताना मीही तो मौजेचा म्हणूनच शिकवला. आता त्या शब्दाची मला किळस येते, आणि त्यामागची ही गोष्ट मला इतक्या उशिरा का कळली याची त्याहून जास्त.

गावचा हलगीवाला रावबा आवळे त्या तळावर पाणी भरायला जाई. सैनिक त्याला उरलेली रम देत. वर्षभरात ती त्याला रोज लागू लागली. पण कडजाईच्या यात्रेत पहिला ठोका त्याच्या घराण्याचा, आणि नेम असा की हलगीवाल्याने आधी अकरा दिवस दारूला शिवायचं नाही. रावबाने देवीपुढे नारळ ठेवला आणि रम सोडली.

दुसऱ्याच दिवशी त्याचे हात कापू लागले. देवळाच्या पायरीवर बळवंत पाटलांनी ते पाहिलं.

"प्यायलास व्हय रं?"

"शिवलो बी न्हाई, पाटील. कडजाईची आण."

"मग हात का कापत्यात?"

रावबाने हात काखेत दाबून धरले. प्यायलेल्याचे हात कापतात एवढंच गावाला माहीत होतं. सोडलेल्याचेही कापतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

"यात्रेदिवशी हात थांबलं तर हलगी तुजी," पाटील म्हणाले. "न्हाईतर गाव दुसरा हलगीवाला बघंल."

कारण कळत नसलं, तरी एक घोट घेतला तर हात थांबतील, हे रावबाचं अंगच त्याला सांगत होतं. तरी त्याने घेतला नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. पेल्यांचा ट्रे घेऊन तो हॉलमध्ये शिरला आणि पेले खणखणू लागले. एक सैनिक ओरडला, "जिटरबग!" त्यांनी ट्रे काढून घेतला आणि त्याला मधोमध उभं केलं. एकाने भरलेला पेला त्याच्या ओठांना लावला. रावबाने तोंड फिरवलं आणि रम अंगरख्यावर सांडली. मग ग्रामोफोन लावला गेला.

खिडक्यांना बाहेरून आमचं गाव लटकलं होतं. इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं.

"आरं, रावबा बगा! मडमांच्यात नाचतोय!"

"सोताच्या लग्नात बी असा नाचला न्हवता गडी!"

रावबा पडला. आचके देत पडला. तोंडाला फेस आला. आतल्यांना वाटलं ही नाचाची कडी आहे, आणि बाहेरच्यांनाही तसंच वाटलं. रेकॉर्ड संपेपर्यंत सगळे टाळ्या वाजवत होते. रेकॉर्ड संपली, टाळ्या थांबल्या, तेव्हा तो हलत नव्हता.

तीन दिवसांनी यात्रा आली. रावबाची बायको चंपा हलगी घेऊन देवळात आली आणि तिने ती पाटलांपुढे धरली.

"नऊ दिस थेंब शिवला न्हाई त्यानं. एक घोट घेतला असता तर आज हितं हुबा असता, हात बी थांबलं असतं, आन् तुमी त्येला हलगी दिली असती."

"मला काय ठावं, चंपे..."

"तुमी बी खिडकीत हुतात, पाटील."

पाटलांनी हलगी घेतली, असं सांगतात, आणि त्यांचे हात कापू लागले. हलगीबरोबर हातात आलेलं टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, आपोआप चामड्यावर पडलं. तोच त्या वर्षीचा पहिला ठोका. पाटलांचे हात मरेपर्यंत थांबले नाहीत म्हणे. ठोका ऐकून सवयीने टाळीला उठलेले हात तसेच खाली गेले, ते कायमचे.

चमत्काराचं मला ठरवता येत नाही. खिडकीत माझे वडीलही होते की नाही, हेही मी त्यांना कधी विचारलं नाही.

आजही यात्रेच्या सकाळी हलगीवाल्याचे हात कापत असले, तर त्याला कुणी काही विचारत नाही. स्थिर असले, तरच त्याचं तोंड हुंगून बघतात.