हात पाठीशी बांधलेला यमाजी

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ज्याला पाहिलं नाही, असा यमाजी तांबट निंबडोहात राहायचा. दिवसभर भांडी ठोकायचा आणि कलत्या उन्हात पारावर बुद्धिबळ मांडायचा. वजिराने मात करणं त्याला हलकं वाटे. सगळ्यात लहान सोंगटीने, प्याद्याने मात केली तरच तो डाव जिंकला मानायचा. राजाने त्याला दरबारात खेळायला बोलावलं आणि तिथे बारा वर्षं त्याला कोणी हरवलं नाही, असं म्हणतात.

मग लढाई झाली. राजा पडला, दरबार उठला. जिंकलेल्या सरदाराने यमाजीला बोलावलं. "आता माझ्याशी खेळ. आणि हर."

"हरायला मला येत न्हाई, सरकार."

सरदार भडकला. यमाजीने सोंगटीला हात लावला तर तो हात तोडला जाईल, अशी दवंडी पिटली.

झालं! बारा वर्षांचा मान एका दवंडीत गेला. आठ दिवस यमाजी जेवला नाही. नवव्या दिवशी तो पारावर आला, हात पाठीशी बांधून बसला आणि ओरडला, "धोंडाई, घोडा काढ!" धोंडाई कुंभारणीने घोडा हलवला. सरदाराने बंदी हाताला घातली होती, तोंडाला घालायची राहून गेली होती. पुढे तो चाल सांगायचा आणि गाव सोंगटी हलवायचं. चार गावांतले चार डाव तो एका पारावरून हाका मारून खेळायचा, असं म्हणतात.

हे सरदाराच्या कानावर गेलं. तो स्वतः पटासमोर येऊन बसला. "हरलास तर जीभ छाटीन."

तीन दिवस डाव चालला. तीन दिवस पिंपळाचं पान हललं नाही, असं म्हणतात. शेवटी यमाजी म्हणाला, "प्यादं एक घर पुढं." भाल्यांच्या गराड्यात कुणाचा हात उठेना. काही म्हणतात, प्यादं आपलं आपण सरकलं. कसलं सरकतंय! धोंडाई उठली आणि चिखलाच्या बोटांनी तिने ते सरकवलं.

"मात, सरकार."

सरदाराचं तोंड उतरलं. "जा, बंदी उठवली. लाव सोंगटीला हात."

यमाजीने हात सोडलेच नाहीत. "खेळ तुमी दिला न्हवता. परत कशापायी देताय?" मरेपर्यंत त्याने सोंगटीला हात लावला नाही.

आजही निंबडोहच्या जत्रेत यमाजीचं नाव घेऊन पट मांडतात. खेळणारा हात पाठीशी बांधतो, चाल मोठ्याने सांगतो आणि सोंगटी गावची बाई हलवते. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब खेळायला बसले. सवयीने त्यांनी हात पुढे केला. कुंभारवाड्यातल्या एका म्हातारीने सगळ्यांदेखत तो धरला आणि मागे नेला.

"साहेब, हितं कुनाचा हुकूम चालत न्हाई. चाल सांगा."