कोंडाबाईचं झुलतं शिंगरू

फार मागची गोष्ट. सावरधोंडीच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता. आताही नाही, पण ते रडगाणं राहू द्या.

दिवाळी सरली की धनगरांचा तांडा ह्या नदीच्या उतारावरून, पाणी कमी असतं तिथून, कोकणाकडे जायचा. सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर आणि घोडी बायकांच्या हातात. त्या घोड्यांचं सगळं बघायची कोंडाबाई. नवरा नाही, पोर नाही. माणसांपेक्षा घोड्यांशी जास्त बोलायची, असं म्हणतात.

त्या साली तांड्याचा कारभारी म्हाकू. त्याच्या पायात कोरं पायताण. ते भिजू नये म्हणून हा बाबा चढला शिंगरावर! ज्याच्या पाठीवर अजून गोधडीसुद्धा पडली नव्हती, त्या कोवळ्या घोड्यावर. नदीच्या मधोमध दोन धोंड्यांच्या फटीत शिंगराचा पुढचा पाय अडकला आणि कडकन वाजला. म्हाकू पाण्यात पडला, म्हणजे पायताण भिजलंच.

तांड्याची रीत अशी, की एका जनावरासाठी तांडा थांबत नाही. म्हाकूनं कोयता मागितला. कोंडाबाई शिंगरापुढं आडवी उभी राहिली.

"आधी माझ्यावर चालवा."

"येडी का खुळी तू? मोडल्या पायाचं घोडं कधी उभं राहिलंय?"

"कुणी राहू दिलंय का?"

म्हाकू तापला. "बरं. रोहिणी नक्षत्रावर माघारी येऊ. तवा हे आपल्या पायानं नदी उतरलं नाही, तर त्याचं ओझं जन्मभर तुझ्या पाठीवर."

"आन् उतरलं तर?"

"मागशील ते."

तांडा गेला. शिंगराची आई वळून वळून खिंकाळत गेली.

आता कोंडाबाईनं करावं काय? घोडं तीन पायांवर फार तगत नाही, आणि आडवं पडून राहिलं तर मरतं. तिनं शिंगराला खांद्याचा आधार देत अलीकडच्या काठावर आणलं, मोडल्या पायाला लोकर गुंडाळली, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. मग आपलं घोंगडं शिंगराच्या पोटाखालून घेतलं आणि टोकं काठावरच्या जांभळीला आवळली. शिंगरू अधांतरी, खुरं जेमतेम जमिनीला.

गावच्या बायका बघायला लोटल्या.

"काय गं बये, घोडं पाळण्यात घातलंस? मग बारसं कधी?"

"घुगऱ्या तुम्ही आणा, आजच करू."

बायकांनी खरंच आणल्या. नाव ठेवलं झुल्या. मग रोज कुणी ना कुणी यायचं. हे झोपतं कसं? आणि ही बाई रोज त्याच्या कानात सांगते तरी काय? कोंडाबाई म्हणायची, "त्यालाच विचारा."

शिंगरू वाढत गेलं, घोंगडं पुरेना. तेव्हा रानातल्या काट्यांना अडकलेली मेंढ्यांची लोकर आपसूक उडून आली आणि घोंगडं शिंगराबरोबर वाढलं, असं म्हणतात. उन्हाळ्यात नदी आटली, पण जांभळीखालचा डोह भरलेलाच राहिला. कोंडाबाईला त्या पायावर रोज गार पाणी ओतायचं होतं ना! नदीची काय बिशाद आटायची?

हाड जुळलं. पण कोंडाबाईच्या पोटात भीती वेगळीच होती. वाहतं पाणी दिसलं की शिंगरू थरथरायचं.

रोहिणी लागली. वळीव पडून नदीला गुडघाभर पाणी आलं आणि पलीकडच्या काठावर तांडा दिसला. कोंडाबाईनं घोंगडं सोडलं. शिंगरू चारी पायांवर उभं राहिलं, काठापर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. आई पलीकडून हाका मारतेय, पण ह्याचा पाय उचलेना.

"ओझं तयार हाय गं, कोंडे!" म्हाकू ओरडला.

कोंडाबाईनं शिंगराला ओढलं नाही, मारलं नाही. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग अनवाणी मधोमध गेली आणि ज्या फटीनं त्याचा पाय मोडला होता, त्या फटीत आपला पाय घालून उभी राहिली. फट बुजली. शिंगरानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तिला घासून पुढं गेलं आणि आईपाशी पोचलं. थोडं लचकतच, पण आपल्या पायानं.

"आता माझं मागणं," पाण्यातूनच कोंडाबाई म्हणाली. "ह्या उताराला कुणी जनावरावर बसायचं नाही. पायताण हातात घ्यायचं आन् चालायचं. पहिले तुम्ही, कारभारी."

म्हाकू निघाला. थोडं चालतोय तोच अंगठा धोंड्यावर ठेचला.

"आई गं!"

"कळलं का आता, शिंगराला काय झालं असंल?"

पुढं कोंडाबाई कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. पण नदीला गुडघाभर पाणी आलं की तीन टापा जड आणि एक हलकी अशी चाल ऐकू येते, असं म्हणतात.

सावरधोंडीत आजही नवरदेव काठावर घोड्यावरून उतरतो. मुंडावळ्या कपाळाला, नवे बूट हातात. मोटरसायकलवाले गाडी बंद करून ढकलत नेतात. बाहेरगावचे कुरकुरतात, कुरकुरू देत. आणि मधल्या धोंड्यांपाशी ज्याचं जनावर असेल तो फटीत पाय घालून उभा राहतो, जनावराला आधी जाऊ देतो. ते जवळून जाताना त्याच्या कानात काहीतरी सांगतो.

काय सांगतो, ते विचारायचं नाही.