ओंद्रेयचा माइक

"माझ्या वाजवण्यात या सगळ्यांची खुडबुड कशाला?"

ओंद्रेयने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

समोर म्हातारा यारोमीर बसला होता. चौघांच्या त्या जॅझ मंडळीत कॉन्ट्राबास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवणारा तो, आणि ओंद्रेयला ऐकायला शिकवणाराही तोच. ब्रनो शहरातल्या एका जुन्या गिरणीत त्यांच्या अल्बमचं रेकॉर्डिंग चाललं होतं. चौघांनी एकाच खोलीत, एकमेकांकडे तोंड करून वाजवायचं, हा म्हाताऱ्याचा हट्ट. माइक मात्र ज्याचा त्याला.

"कुठली खुडबुड?"

"ऐका ना! माझ्या माइकमध्ये ट्रम्पेटच्या मागे हेलेनाचा पियानो, ड्रमची झांज, तुमचा बास. दुधात मिठाचा खडा पडलाय नुसता. मला बंद खोलीत एकट्याला पुन्हा वाजवू द्या."

"नाही."

"मग काढून टाका मला अल्बममधून. मी चाललो."

पोरगा गुणी होता, यात वाद नाही; पण राग सदा नाकावर. आणि खरं सांगायचं तर त्याला जायचं नव्हतंच. आपल्यावाचून यांचं अडतं, एवढं त्याला एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

यारोमीर रेकॉर्डिंगवाल्याकडे वळला.

"वित, याचा माइक बंद कर."

ओंद्रेयने चमकून वर पाहिलं. इतक्या सहज...?

रेकॉर्ड केलेली धून स्पीकरवर सुरू झाली. पियानो आला, ड्रम आले. आपली जागा जवळ आली तसा ओंद्रेय श्वास रोखून बसला.

ट्रम्पेट वाजला. जरा दुरून, शेजारच्या घरातून यावा तसा. पण तोच, शेवटच्या सुरापर्यंत.

"तुम्ही बंद केलाच नाही!"

वितने बोट दाखवलं. ओंद्रेयच्या माइकचं बटण पार खाली होतं. त्याने स्वतः चाचपून पाहिलं.

"पुन्हा लाव," यारोमीर म्हणाला.

या वेळी धून चालू असतानाच त्याने हात पुढे केला आणि हेलेनाचा माइक बंद केला. ट्रम्पेट बारीक झाला. मग ड्रमचा बंद केला. आणखी बारीक झाला...

उरला एकच माइक, म्हाताऱ्याचा. त्यात बासचे जाड, संथ सूर होते, आणि त्यांना बिलगून ट्रम्पेट.

ओंद्रेय खाली मान घालून ऐकत राहिला. निघायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

म्हाताऱ्याने त्याचा हात धरून त्या शेवटच्या बटणावर ठेवला.

"माझ्यातून तुला कसं काढायचं, ते आता तूच दाखव."